गिरणीतल्या बायका आणि नळीत अडकलेला गर्भ

गेल्या वर्षी नात्यातल्या एका ताईच्या रिपोर्टवर 'एक्टोपिक प्रेग्नन्सी' असं आलं आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. ताई आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण शब्द कळला नाही की त्याच्या मागे लागायची माझी खोड जुनी. चार-पाच वीकेंड वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

आधी मूळ मुद्दा. गर्भ रुजायला हवा गर्भाशयात. पण शंभरातल्या साधारण एक ते दोन गर्भधारणांमध्ये तो बाहेरच रुजतो, आणि त्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा गर्भनलिकेत. ती नळी बिचारी बारीक. गर्भ वाढला की ती फुटते आणि पोटात रक्तस्राव सुरू होतो. हा गर्भ वाचवता येत नाही. वाचवायचं असतं आईला.

पूर्वी तेही जमत नसे. १८७६ साली जॉन पॅरी या अमेरिकन डॉक्टरने अशा ५०० केसेस गोळा केल्या. त्यात ३३६ बायका दगावल्या होत्या. म्हणजे तीनातल्या दोन!

आता बर्मिंगहॅमला चला. १८८१ साली लॉसन टेट या सर्जनला एका सहकारी डॉक्टरने सुचवलं, की पोट उघडून फुटलेली नळी काढून टाका. टेटची छाती झाली नाही. ती बाई गेली. शवविच्छेदनात दिसलं की रक्तवाहिनी बांधली असती तर ती वाचली असती. १८८३ च्या जानेवारीत त्याने पहिल्यांदा ऑपरेशन केलं, तीही पेशंट गेली. त्यातून तो एक गोष्ट शिकला: बाकी काही करत बसू नका, आधी रक्तस्राव थांबवा. मार्चमधली पुढची पेशंट वाचली. १८८८ पर्यंत त्याने ४२ ऑपरेशन्स केली आणि त्यात मृत्यू झाले फक्त २. तेव्हा रक्तगटसुद्धा माहीत नव्हते, हे लक्षात घ्या.

पण हे सगळं नळी फुटल्यानंतरचं. फुटायच्या आधी कळणार कसं? इथे दोन गोष्टी कामी आल्या. पहिली सोनोग्राफी. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड आणि टॉम ब्राऊन नावाचा तरुण इंजिनिअर (आपल्या जातकुळीतला!) यांनी धातूतल्या भेगा शोधायचं तंत्र माणसाच्या पोटावर वापरलं, ते १९५८ साली जगासमोर आलं. दुसरी गोष्ट म्हणजे एचसीजी हे गरोदरपणातलं हार्मोन रक्तात नेमकं मोजायची चाचणी, १९७२ ची. यात एका आकड्यावरून सहसा निदान होत नाही, ट्रेंड बघावा लागतो. ४८ तासांनी पुन्हा तपासायचं. आकडा हवा तसा वाढत नसेल, किंवा पुरेसा वाढूनही गर्भाशय रिकामं दिसत असेल, तर संशय घ्यायचा.

आता गंमत बघा. ताईला ऑपरेशन लागलंच नाही, मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागलं. या औषधाचा धागा थेट आपल्या मुंबईत येतो.

१९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र अ‍ॅनिमिया होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं काम चाले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे चक्क मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ साली छापलं. त्यातला तो अज्ञात घटक म्हणजे पुढचं फॉलिक अ‍ॅसिड.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि मग त्याचे 'शत्रू'ही बनवले. मेथोट्रेक्सेट त्यातलंच. भराभर वाढणाऱ्या पेशींना फॉलिक अ‍ॅसिड वापरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. १९५६ साली मिन चिऊ ली आणि सहकाऱ्यांनी ते कोरिओकार्सिनोमा या वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरवर वापरलं. पेशी त्याच जातीच्या, म्हणून १९८२ साली जपानमध्ये ते एक्टोपिकवर वापरलं गेलं. जो घटक देऊन गिरणीतल्या गरोदर बायका बऱ्या झाल्या, तोच अडवून आज दुसऱ्या बायका वाचतात! म्हणूनच या इंजेक्शननंतर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करायला सांगतात. अर्थात हे औषध नळी फुटलेली नसेल आणि तब्येत स्थिर असेल तरच. शिवाय एचसीजी उतरेपर्यंत तपासण्या चुकवायच्या नाहीत. नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन.

धोका कुणाला जास्त? आधी एक्टोपिक झालेलं असणं, नळीचं ऑपरेशन, क्लॅमिडियासारखा संसर्ग, जननेंद्रियांचा टीबी, सिगारेट. आयव्हीएफनेही ते टळत नाही. स्टेपटो आणि एडवर्ड्स यांची १९७६ मधली गर्भधारणा नळीतच निघाली होती, लुईस ब्राऊन जन्मली नंतर, १९७८ मध्ये. तांबी असताना दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिलेच तर आधी एक्टोपिक नाही ना ते बघतात. आणि निम्म्या बायकांत यातलं एकही कारण सापडत नाही.

म्हणून मंडळी, एवढं लक्षात ठेवा. टेस्टवर दोन रेघा आल्या आणि एका बाजूला पोट दुखतंय, डाग दिसतोय, तर लगेच डॉक्टर गाठा. चक्कर किंवा खांद्यात कळ आली तर थेट हॉस्पिटल. दुकानातून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या एक्टोपिकवर चालत नाहीत. उलट रक्तस्राव झाला की 'काम झालं' असं वाटतं आणि नळीतला गर्भ तसाच राहतो. आणि हो, हे फक्त बायकांनी वाचायचं पोस्ट नाही. रात्री दोन वाजता गाडी काढायची वेळ कदाचित तुमच्यावर येईल.