‘क्षार’ शब्दाची दोन अर्थकुळे

रसायनशास्त्राच्या मूलभूत परिभाषेत ‘क्षार’ या संज्ञेइतकी फसवी संज्ञा क्वचितच आढळेल. आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेने पाण्याबरोबर जो पदार्थ निर्माण होतो, त्यास मराठी पाठ्यपुस्तके क्षार म्हणतात. हिंदीत त्याच पदार्थास ‘लवण’ ही संज्ञा असून ‘क्षार’ हा शब्द अल्काचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीचा, वाचक आहे. एकाच संस्कृत शब्दाने शेजारच्या दोन भाषांत भिन्न वर्गांचा बोध व्हावा, हा केवळ परिभाषाकारांच्या लहरीचा परिणाम मानणे युक्त नव्हे. त्याचे मूळ हा शब्द ज्या द्रव्यास प्रथम लाविला गेला, त्या द्रव्याच्या स्वरूपातच शोधावे लागते.

ते द्रव्य म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून काढलेला अर्क होय. सुश्रुतसंहितेने ‘क्षार’ शब्दाची उपपत्ती क्षरण अथवा क्षणन या क्रियांवरून, म्हणजे झिजविणे वा इजा करणे यांवरून, लाविली आहे. आधुनिक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध ‘जळणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. ‘अल्कली’ हा शब्दही अरबीत भाजणे या अर्थाच्या धातूपासून निघाला असून मूळचा खारट जमिनीतील वनस्पतींच्या राखेचा वाचक आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी अशी अग्नीचीच क्रिया आहे.

या अर्काची कृती सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात सविस्तर दिली आहे. मुष्ककादी वृक्ष जाळून त्यांची राख पाण्यात कालवावी, ते पाणी एकवीस वेळा गाळून आटवावे, असा तिचा क्रम आहे. एवढ्याने सिद्ध होतो तो मृदू क्षार. भाजून लाल केलेले चुन्याचे दगड व शंख त्यात घातले असता मध्यम, आणि चित्रकादी औषधींची आणखी भर घातल्याने तीक्ष्ण क्षार होतो. तो लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवावा, असेही सांगितले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात या प्रक्रियेची विशेष दखल घेतली आहे.

मृदू क्षारात मुख्यत्वे पोटॅशियम कार्बोनेट असते. चुन्याच्या योगाने त्यातील कार्बोनेटाचा अंश कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपाने खाली बसतो व द्रावणात दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड उरते. ही क्रिया सुश्रुतास अवगत होती; तिचे कारण मात्र फार नंतर उलगडले. भाजलेल्या चुन्यात अग्नितत्त्व शिरते आणि तेच अल्कास दाहकता देते, अशी युरोपातही समजूत होती. एडिंबरो येथील जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्या साहाय्याने ती खोडून काढली. चुनखडी भाजली असता तिच्यात काही शिरत नाही, उलट तिच्यातून एक वायू निघून जातो; तोच वायू चुना सौम्य अल्कापासून हिरावून घेतो, असे त्यांनी दाखविले. हा ‘बद्ध वायू’ म्हणजेच कार्बन डायऑक्साइड.

या शोधाचा परिभाषेच्या दृष्टीने फलितार्थ महत्त्वाचा आहे. प्राचीनांचा मृदू क्षार हा आजच्या वर्गीकरणाप्रमाणे कार्बॉनिक आम्लाचा ‘सॉल्ट’ ठरतो. मात्र ते आम्ल दुर्बल असल्यामुळे त्याचे पाण्यातील द्रावण अल्कधर्मी असते. घटनेने सॉल्ट व गुणाने अल्क, असे कार्बोनेटांचे दुहेरी रूप आहे. हिंदीने ‘क्षार’ शब्दातील गुण राखला आणि मराठीच्या वाट्यास घटना आली, असे म्हणता येईल.

मराठी बोलीस हे दुहेरीपण मुळीच अपरिचित नाही. ‘क्षार’पासून आलेला ‘खार’ शब्द जवखार, सज्जीखार, पापडखार यांत अल्काचा बोध करून देतो, तर खारट, खारे पाणी, खारवणे यांत मिठाचा. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्यात मीठ व सोडा दोन्ही असल्यामुळे ते दोन्ही अर्थांनी खारे आहे. ज्या भाषेत खार हा शब्द आधीच मिठाकडे झुकलेला होता, त्या भाषेत क्षार ‘सॉल्ट’चा वाचक होणे अस्वाभाविक नव्हते.

तथापि यातून उद्भवणारा धोका दुर्लक्षिता येत नाही. सुश्रुताचा क्षार हा अर्श व भगंदर यांवर शस्त्राच्या जागी योजिलेला दाहक पदार्थ आहे. त्याचा दाह शमविण्यास अम्ल द्रव्य लावावे, असे सांगून, तीक्ष्ण अम्लाने क्षाराचा अग्नी शांत कसा होतो, हा प्रश्नही त्या ग्रंथाने उपस्थित केला आहे. अम्लाच्या संयोगाने क्षाराचा रस मधुर होऊन तीक्ष्णता सोडतो, असे त्याचे उत्तर आहे. ‘आम्लारी’, म्हणजे आम्लाचा अरी, ही मराठी संज्ञा या प्राचीन निरीक्षणास किती जवळची आहे, हे येथे ध्यानात येते. पाठ्यपुस्तकातील अर्थ मनात धरून जो विद्यार्थी हा अध्याय वाचील, त्यास हा प्रश्न मुळी कळणारच नाही, आणि त्वचा जाळणारे द्रव्य तो मिठाच्या पंक्तीस बसवील. म्हणून जुने ग्रंथ संपादिताना वा भाषांतरिताना ‘क्षार’ हा शब्द तसाच न ठेवता तेथे अल्क अभिप्रेत आहे की लवण, हे प्रत्येक स्थळी स्पष्ट करणे अवश्य ठरते.