प्रश्नचिन्हांत हरवलेली मराठी

मंडळी, जुन्या मराठी संकेतस्थळांवर कधीकधी अख्ख्या लेखाच्या जागी नुसती '?????' दिसतात. त्यामागे एक छोटासा इतिहास आहे.

१९९५ साली पीएचपी आणि मायएसक्यूएल दोन्ही अवतरले. पीएचपीने पान रचायचं, मजकूर मायएसक्यूएलच्या तक्त्यांतून आणायचा. ही जोडी बहुतेकांना फुकट मिळे, म्हणून जगभर पसरली. गंमत म्हणजे मायएसक्यूएल मूळचं स्वीडनचं. वेगळं काही सांगितलं नाही, तर ते अक्षरं पश्चिम युरोपची धरी आणि क्रम स्वीडिश वर्णमालेचा लावी!

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'कि' म्हणजे क आणि वेलांटी, मिळून सहा. मायएसक्यूएलला युनिकोड कळू लागलं ते २००४ च्या ४.१ आवृत्तीपासून. तरी न सांगता लागू होणारी लिपी लॅटिनच राहिली. ती बदलली २०१८ साली, ८.० मध्ये.

मधल्या काळात बाइट जसेच्या तसे साठले असतील, तर मजकूर विचित्र दिसे, पण सोडवून परत मिळवता येई. लॅटिन तक्त्यात भरताना रूपांतर झालं, तर मात्र अनेकदा प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्हच साठवलं जाई. मूळ अक्षर कायमचं गेलं.

वाळवी निदान कागदासकट खाते. इथे स्वल्पविराम, मोकळ्या जागा सगळं जागच्या जागी. फक्त मराठी नाही.

असो. तुमचा जुना ब्लॉग असेल, तर आज एकदा उघडून बघा.