‘ट्रॉपिकल’ ताप म्हणजे उष्णतेचा ताप नव्हे

पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, की आम्ही रक्ततपासणी लिहून देतो. रिपोर्टवर ‘ट्रॉपिकल फिव्हर पॅनेल’ असं छापलेलं असतं. ते वाचून नातेवाईक विचारतात, “म्हणजे उष्णता झालीय ना, डॉक्टर? सब्जा आणि गुलकंद सुरू केलाय.”

चूक त्यांची नाही. ‘ट्रॉपिकल’ला आपण मराठीत ‘उष्णकटिबंधीय’ म्हणतो आणि आपल्या कानाला त्यातला ‘उष्ण’ तेवढा ऐकू येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘वळण’ असा आहे. सूर्य उत्तरेकडे कर्कवृत्तापर्यंत आणि दक्षिणेकडे मकरवृत्तापर्यंत सरकल्यासारखा दिसतो आणि तिथून मागे वळतो. या दोन वळणांमधला पट्टा म्हणजे ट्रॉपिक्स. आपला अख्खा महाराष्ट्र याच पट्ट्यात येतो.

वैद्यकाची वेगळी शाखा म्हणून हा शब्द रुजला तो ब्रिटिश साम्राज्याच्या काळात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. १८९८ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांचा ‘ट्रॉपिकल डिसीझेस’ हा ग्रंथ आला आणि १८९९ मध्ये लंडनला या विषयाची स्वतंत्र शाळा निघाली. वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांना तिथे शिक्षण मिळू लागलं. हे आजार ‘तिकडचे’, असा समज पक्का झाला.

पण हिवताप इंग्लंडच्या दलदलीच्या भागातही शतकानुशतकं होता. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन आहे. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये हॅन्सेन यांना सापडला, तोही नॉर्वेसारख्या थंड देशात! युरोपातला हिवताप थंडीमुळे गेला नाही. दलदलींचा निचरा, बरी घरं, औषधं आणि कीटकनाशकं यांनी तो गेला.

उष्ण, दमट हवा डासांना मानवते, हे खरं. पण ताप देतो तो जंतू, आणि त्याला गुलकंद आवरत नाही. म्हणून ताप आला तर वेळेवर तपासणी करून घ्या. आठवड्यातून एक दिवस पाण्याचा ड्रम, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करा. गुलकंद आवडत असेल तर जरूर खा, पण औषध म्हणून नको.