धुराड्यातील काजळी

एखाद्या धंद्यामुळे किती कामगारांना त्वचारोग जडतो, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. रोग कातडीवर असतो, तेव्हा मोजायला अडचण ती कसली? लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांची हकीकत पाहिली म्हणजे ही अडचण ध्यानात येते.

तेथील घरांची धुराडी इतकी अरुंद असत की मोठ्या माणसाचा शिरकाव होणे अशक्य. म्हणून गरिबांची लहान मुले आत चढवीत. कोपर आणि गुडघे यांच्या जोरावर, पुष्कळदा उघड्या अंगाने, ती वर सरकत आणि काजळी कातडीच्या घडीघडीत मुरे. स्नानाची तर गोष्टच नको. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली दाखवून दिले की, या लोकांच्या वृषणकोशाच्या त्वचेवर होणारा व्रण हा कर्करोग असून त्याचे मूळ काजळीत आहे. कामगार त्याला ‘काजळीची चामखीळ’ म्हणत. वैद्य मात्र गुप्तरोग समजून पारा देत आणि दुखणे अधिकच चिघळे. शिवाय तो उद्भवे वयात आल्यानंतर, कित्येकदा धंदा सुटून वर्षे लोटल्यावर. लाजेपोटी लपविलेला, भलत्याच नावाने ओळखला जाणारा हा रोग कोणत्या गणतीत सापडावा?

कायदे झाले. १७८८ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना या धंद्यात उमेदवार घेण्यास मनाई झाली. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढविण्यास बंदी झाली. पण अंमलबजावणी कोण करणार? १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळ धुराड्यात अडकून दगावला, तेव्हा कोठे परवान्याची आणि पोलीस देखरेखीची व्यवस्था आली. पॉटच्या लेखाला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

पुढे १८९२ साली हेन्री बटलिन या शस्त्रवैद्याने युरोपातील इतर देशांशी तुलना केली. तेथील सफाईवाले अंगभर घट्ट पोशाख करीत, काम संपताच अंग धूत. त्यांच्यात हा रोग विरळा. काजळी तीच, धंदा तोच!

१९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना दीर्घकाळ डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात त्वचेच्या कर्करोगाला आणि क्रोमियममुळे होणाऱ्या व्रणांना सरकारला कळविण्याच्या रोगांत स्थान मिळाले. मात्र तो कायदा कारखान्याच्या आवारापुरता होता. भर उन्हात रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर त्या नोंदीत येत नसे.