मानव विकास निर्देशांक: सरासरीत न दिसणारी माणसे

देश किती पुढे गेला हे पूर्वी राष्ट्रीय उत्पन्नावरून ठरवत. पण उत्पन्न वाढूनही मुले शाळेबाहेर राहत असतील, तर तो विकास कोणाचा? पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९९० मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. त्यांचे सहकारी अमर्त्य सेन यांना माणसाचे सगळे जगणे एका आकड्यात कोंबणे सुरुवातीला पटले नव्हते. उत्पन्नाच्या आकड्याला टक्कर द्यायची तर तितकाच सोपा आकडा हवा, असे हक यांचे म्हणणे होते.

निर्देशांकात तीन गोष्टी मोजतात: अपेक्षित आयुर्मान, शालेय शिक्षणाची वर्षे आणि दरडोई उत्पन्न. २०१० पासून तिन्हींचा भूमितीय मध्य काढतात. त्यामुळे एका बाबतीतले मागासलेपण दुसरीच्या जोरावर सहज झाकले जात नाही.

२०२५ च्या अहवालात भारताचा निर्देशांक ०.६८५ आणि १९३ देशांत क्रमांक १३० वा आहे. बातम्या बहुधा इथेच थांबतात. त्याच अहवालात विषमता धरून काढलेला आकडा मात्र ०.४७५ आहे, म्हणजे सुमारे ३१ टक्के घट. तरीही ही विषमता कोणाच्या वाट्याला आली, हे त्यातून कळत नाही. जातीचा रकानाच नाही.

तो दिसला २०२१ च्या जागतिक बहुआयामी दारिद्र्य अहवालात. तिथे पोषण, शाळा, शौचालय, पाणी, वीज, घर अशा बाबी घरोघरच्या माहितीवरून तपासतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार अनुसूचित जमातींतील ५०.६ टक्के, अनुसूचित जातींतील ३३.३ टक्के आणि ओबीसींतील २७.२ टक्के लोक अशा दारिद्र्यात होते. देशातील दर सहा गरिबांपैकी पाच जण या तीन गटांतले.

सर्वेक्षणात जात विचारली, म्हणून हे कळले. आपल्यासाठी मुद्दा इथेच आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध आणि सोबत अनुसूचित जात, अशी नोंद करता येते. जातीचा रकाना रिकामा सोडला तर ते घर अनुसूचित जातींच्या आकडेवारीत येत नाही. जात लिहावी की नाही, यावर चळवळीत मतभेद आहेत आणि धम्म स्वीकारलेल्याला ती लिहिताना खटकते, हेही खरे. तरी माझ्या मते ती लिहावी. नाहीतर नुकसान आपले आणि हिशेबात शून्य. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होईल असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न असतील, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.