धक्का की हुकूम: अवकाशयान हाकण्याची साठ वर्षं

ऑनलाइन स्पेस गेममध्ये यान हाकायच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा आहेत. पहिलीत तुम्ही कीबोर्डवरची बटणं दाबता. एक डावीकडे वळवतं, एक उजवीकडे, एक इंजिन पेटवतं. बटण दाबलंय तोवर जोर लागतो, सोडलं की जोर संपतो. दुसऱ्या तऱ्हेत तुम्ही पडद्यावर कुठेतरी माउसने क्लिक करता आणि यान आपलं आपण तिकडे निघतं. किती वळायचं, कुठे वेग कमी करायचा, कुठे थांबायचं, हे सगळं गेम बघून घेतो. पहिल्या तऱ्हेला आपण ‘धक्का’ म्हणू आणि दुसरीला ‘हुकूम’.

खेळणाऱ्यांमध्ये यावरून जुनी भांडणं आहेत. धक्केवाल्यांना वाटतं की क्लिक करून यान पाठवणं म्हणजे चालवणं नव्हेच, ती रिक्षात बसून पत्ता सांगायची गोष्ट झाली. हुकूमवाल्यांना वाटतं की कप्तानाने सुकाणूला लटकायचं नसतं, कुठे जायचं ते ठरवायचं असतं. वरवर हा आवडीनिवडीचा वाद दिसतो. पण इतिहास पाहिला तर त्यात आवडीपेक्षा तारा, अंतरं आणि माणसांचे हात जास्त आहेत. कंट्रोल कसे ठेवले यावरून कुणाला खेळता येईल हे ठरत गेलं.

कोपर दुखलं म्हणून

सुरुवात १९६२ची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पीडीपी-१ नावाचा कॉम्प्युटर होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ नावाचा गेम लिहिला. गोल पडद्यावर दोन यानं, मध्ये त्यांना स्वतःकडे ओढणारा एक तारा, आणि एकमेकांवर सोडायचे टॉर्पेडो. वळायचं, जोर लावायचा, मारायचं. जोर थांबवला तरी यान त्याच दिशेने वाहत राहायचं, कारण अवकाशात ब्रेक लावायला हवा नसते.

हे चालवायचं कशाने? माउस अजून जन्मला नव्हता. कॉम्प्युटरच्या फळीवर १८ छोट्या खटक्यांची एक रांग होती, प्रोग्रॅम तपासायला ठेवलेली. तिच्या एका टोकाचे चार खटके एका खेळाडूला, दुसऱ्या टोकाचे चार दुसऱ्याला. लवकरच अडचणी दिसल्या. कोपरं दुखायला लागली. शिवाय पडदा फळीच्या एका बाजूला असल्यामुळे त्याच्या जवळ बसलेल्याला फायदा मिळायचा. मग अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी कॉलेजच्या रेल्वे मॉडेल क्लबमधलं सामान जमवून दोन वेगळ्या पेट्या बनवल्या. त्यांत वळायला एक दांडी, जोर लावायला दुसरी, आणि टॉर्पेडोसाठी एक बटण. ते बटण मुद्दाम बिनआवाजाचं केलं होतं, म्हणजे आपण कधी मारतोय हे शेजारच्याला ऐकू जाऊ नये.

साठ वर्षांपूर्वीच्या या छोट्या दुरुस्तीत पुढचा सगळा वाद आहे. ज्याची जागा सोयीची तो जिंकतो, म्हणून कंट्रोल बदलावे लागतात.

१९७९ साली अटारीचा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आला. त्यात पाच बटणं होती: डावीकडे, उजवीकडे, जोर, गोळी आणि अचानक दुसरीकडे प्रकट व्हायचं ‘हायपरस्पेस’. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरसाठी ‘एलीट’ लिहिला. त्यात आख्खी आकाशगंगा होती आणि यान कीबोर्डवरून हाकता यायचं. धक्क्याची तऱ्हा अशी पक्की झाली. बोटांनी हजार वेळा केल्याशिवाय न येणारं कसब म्हणजे स्पेस गेम, हे ठरून गेलं.

तिसरं बटण हरवतं

कीबोर्ड मुळात टायपिंगसाठी बनला, म्हणजे एका वेळी एक अक्षर. आत तारांची जाळी असते, काही आडव्या आणि काही उभ्या. तुम्ही बटण दाबता तेव्हा एक आडवी तार एका उभ्या तारेला जोडली जाते आणि कीबोर्डला कळतं की अमुक बटण दाबलं. दोन बटणांपर्यंत काही गोंधळ होत नाही. तीन एकदम दाबली, तर काही जोड्यांमध्ये चौथं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं भासतं. म्हणून स्वस्त कीबोर्ड सरळ तिसऱ्याकडे दुर्लक्ष करतात.

आता विचार करा. स्पेस गेममध्ये जीव वाचवायची चाल कोणती? जोर लावत, वळत, गोळी मारणं. म्हणजे तीन बटणं एकदम, आणि नेमकं तिसरं हरवणार. कंट्रोल आणि शिफ्ट ही बटणं बहुतेक कीबोर्डांत या गोंधळापासून वाचतील अशी जोडलेली असतात, त्यामुळे त्या काळातल्या कित्येक गेममध्ये गोळीचं बटण कंट्रोलच असायचं.

माउसचं गणित वेगळं आहे. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४मध्ये पहिला माउस बनवला, लाकडी खोक्यात दोन चाकं बसवून. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने तो लोकांसमोर चालवून दाखवला. बटण फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतं, तर माउस ‘किती’ ते सांगतो. हात जरासा हलवला तर जरासं, जोरात हलवला तर खूप. पण माउस बनला तो मजकूर आणि ठिकाणं दाखवायला, म्हणजे ‘हे’, ‘इथे’, ‘तिकडे’ म्हणायला. हुकमाची भाषा त्याच्या जन्मातच होती.

सोलापूर ते युरोप, एका क्लिकमध्ये

गेम ऑनलाइन गेले तेव्हा या दोन तऱ्हांमध्ये खरा फरक पडला. १९९७च्या ‘सबस्पेस’मध्ये डायल-अप मोडेमवरून कितीतरी जण एकाच मैदानात यानं उडवायचे, बाणाच्या बटणांनी वळत आणि जोर लावत. ही धक्क्याची तऱ्हा, आणि धक्क्याला वेळेत पोचावं लागतं. तुम्ही दाबलं आणि समोरच्याला ते उशिरा दिसलं, तर त्याच्या पडद्यावर तुमचं यान भलतीकडेच असतं.

६ मे २००३ रोजी आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ सुरू झाला. हजारो खेळाडू एकाच विश्वात. त्यांनी धक्का जवळजवळ काढूनच टाकला. अवकाशात डबल क्लिक करा, यान त्या दिशेने वळेल. किंवा समोरचं यान निवडून सांगा: ‘जवळ जा’, ‘याच्याभोवती फिर’, ‘इतक्या अंतरावर राहा’. सर्व्हर सेकंदाला एकदा सगळ्यांच्या हालचालीचा हिशोब करतो आणि सगळ्यांना कळवतो. लढाईत गर्दी फार झाली, तर गेममधला काळच संथ केला जातो, अगदी नेहमीच्या दहाव्या भागापर्यंत. जानेवारी २०१४मध्ये बी-आर फाइव्ह आर-बी या ठिकाणी झालेली लढाई सुमारे २१ तास चालली आणि तिच्यात ७,०००हून जास्त खेळाडू होते. प्रत्येक जण धक्के मारत असता, तर ते कुठल्याच सर्व्हरला झेपलं नसतं.

आमच्या बाजूने याचा अर्थ काय होता? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सात हजारांच्या वर किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ७० मिलीसेकंद, तेही तार सरळ गेली तर. ती समुद्रातून वळसे घेत जाते, मध्ये दहा ठिकाणी थांबते, आणि आधी तुम्हाला सोलापूरहून मुंबई गाठायची असते. २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती. तेवढ्या वेगात एका कॅफेतले सात-आठ कॉम्प्युटर भागवायचे. धक्क्याच्या गेममध्ये आम्ही सुरू व्हायच्या आधीच हरलेले असायचो. पण हिशोबच सेकंदाला एकदा होत असेल, तर पाव सेकंदाच्या उशिराने फार बिघडत नाही. लंडनमधला पोरगा आणि सोलापूरमधला पोरगा, दोघांचा हुकूम एकाच वेळी अमलात येतो.

ईव्हला महिन्याची वर्गणी लागायची, त्यामुळे तो आमच्यापर्यंत आला नाही. आला तो ‘डार्कऑर्बिट’. जर्मनीतल्या बिगपॉइंट कंपनीचा, २००६चा, ब्राउझरमध्ये फ्लॅशवर चालणारा, फुकट. काही इन्स्टॉल करायचं नाही, त्यामुळे कॅफेवाले काका ओरडायचे नाहीत. वरून दिसणारं यान आणि क्लिक केलं की तिकडे जाणं. मी सातवी-आठवीत होतो. नव्या पेठेजवळच्या एका कॅफेत शनिवारी दुपारी आमची टोळी जमायची. काही माउस अजून गोळीवाले होते. आतल्या रुळांवर काळा मळ साचून यान अडखळायला लागलं, की माउस उलटा करून, गोळी काढून, रूळ नखाने खरवडायचा.

त्या टोळीत माझा मावसभाऊ होता. लहानपणीच्या एका आजारामुळे त्याच्या उजव्या हातात ताकद नाही. बाइकची रेस असो की बंदुकीचा गेम, सगळ्यांना दोन हात लागायचे, मग तो मागे उभा राहून आम्हाला सूचना द्यायचा. डार्कऑर्बिटमध्ये त्याने माउस डावीकडे घेतला, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन डावं-उजवं बटण उलटं केलं आणि खेळायला बसला. उडायला क्लिक, लक्ष्य निवडायला क्लिक, खालच्या पट्टीतून हत्यार चालवायला क्लिक. महिनाभरात तो आमच्यात सगळ्यांत पुढे होता. त्याला कुणी सवलत दिली नव्हती. कंट्रोल ठरवणाऱ्यांच्या डोक्यातही तो नसेल. तरी त्या एका निर्णयाने त्याच्यासाठी दार उघडलं.

कसब जातं कुठे?

मग धक्केवाल्यांचं म्हणणं खोटं का? नाही. हातातलं काहीतरी जातंच. आणि हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. हातमागावर धोट्याची प्रत्येक फेरी विणकराच्या हाताने होते. यंत्रमागावर तीच फेरी मोटर करते आणि एक माणूस अनेक मागांवर नजर ठेवतो. धोट्याला लय देणारा हात आता लागत नाही. पण धागा तुटला हे आवाजावरून ओळखणं, क्षणात गाठ मारणं, चादरीची नक्षी जकार्डच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर उतरवणं, हे कसब लागतंच. ते हातातून निघून दुसऱ्या जागी जाऊन बसतं.

ईव्हमध्ये तेच झालं. चांगला खेळाडू म्हणजे चपळ बोटांचा नव्हे, तर कुणाच्या किती अंतरावर राहायचं, कुठल्या वेगाने फिरलं की समोरच्याच्या तोफा आपल्याला पकडू शकत नाहीत, हे ओळखणारा. तरी लोकांना सुकाणू हातात हवंच होतं. २०१४च्या अखेरीस ईव्हने कीबोर्डवरून यान वळवायची सोय दिली, डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांनी. आत हिशोब सेकंदाचाच राहिला. हाताला समाधान मिळालं, नियम बदलला नाही.

मधला रस्ताही होता. २००३च्या ‘फ्रीलान्सर’मध्ये माउसनेच यानाचं नाक वळवायचं: बाण मध्यापासून जितका लांब न्याल, तितकं वळण तीव्र. वेगासाठी कीबोर्ड. इथे माउस हुकूम देत नाही, धक्काच देतो, पण ‘किती’ ते सांगून. यातून नवं भांडण निघालं. माउसने नेम इतका पटकन बसतो की जॉयस्टिक घेऊन बसलेला मागे पडतो. मग यानाचं नाक किती वेगाने वळू द्यायचं आणि तोफांनी बाणाच्या मागे किती वळायचं, हे ठरवायला डिझायनर आजही बसतात. पीडीपी-१च्या फळीसमोर बसलेल्यांचाच हा प्रश्न: कुणाची जागा जास्त सोयीची?

आता अंगठा

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय. तिथे माउस नाही आणि कीबोर्डही नाही. फोनवरच्या बऱ्याच गेममध्ये डाव्या अंगठ्याखाली काचेवर काढलेली जॉयस्टिक असते आणि उजव्या अंगठ्याखाली गोळीचं बटण. काच गुळगुळीत असल्याने अंगठा जागेवरून सरकला तरी कळत नाही, शिवाय तोच अंगठा पडद्याचा कोपरा झाकतो. त्यामुळे नेम थोडा आपोआप लागेल अशी मदत गेम गुपचूप करतो. हुकूम मागच्या दाराने परत आलाय. पण हात मात्र पुन्हा दोन लागतात.

२०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ काढला. त्याला पायाने, हनुवटीने, कोपराने दाबायची बटणं जोडता येतात. चांगलं आहे, पण ते वेगळं विकत घ्यावं लागतं. सेटिंगमध्ये ‘एका हाताने खेळा’ एवढा एक पर्याय ठेवायला फार खर्च येत नाही. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. अशा पर्यायाला प्रत्येक मीटिंगमध्ये ‘नंतर बघू’ म्हटलं जातं, हे मी बऱ्याचदा ऐकलंय.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की माउसवाले खरे पायलट नाहीत, तर त्याच्याशी जरूर भांडा, मजा असते त्यात. फक्त भांडणाआधी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलचं पान उघडा. कुठलं बटण बदलता येतं आणि कुठलं नाही, हे वाचा. जे बदलता येत नाही, तिथे कुणीतरी बाहेर उभं आहे.