वसईचीं रानझाडें आणि त्यांचीं नांवें

वसई म्हटली कीं चिमाजी आप्पांची मोहीम आणि सन १७३९ चा विजय आठवतो. परंतु ज्या तटासाठीं ती झुंज झाली, त्याच्या फटींत आज वड-पिंपळ मुळें रोवून बसले आहेत. खाडीकांठीं तिवरांची दाटी आहे आणि पूर्वेस तुंगारेश्वराच्या उतारावर उन्हाळ्यांत करवंदीच्या जाळ्या लगडतात. या झाडांनाही इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग त्यांच्या नांवांत सांठलेला आहे.

वसई पोर्तुगिजांकडे गेली ती सन १५३४ मध्यें. त्याच वर्षीं गार्सिया द ओर्ता हा वैद्य हिंदुस्थानांत आला. पुढें मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें. औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ सन १५६३ त गोव्यास छापला गेला. त्यांत करवंदाचें देशी नांव त्यानें 'कारांदास' असें उतरून घेतलें. सन १५६७ त क्लुझियसनें या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो युरोपभर गेला. पुढें सन १७६७ त लिनीयसनें या झाडास शास्त्रीय नांव दिलें, त्यांतही तोच शब्द कायम राहिला. करवंदें तोडणाऱ्यांचा शब्द असा शास्त्रांत जाऊन बसला.

डाल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' सन १८६१ त निघाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल राहिलेले थिओडोर कूक यांनीं सन १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतही शास्त्रीय नांवाबरोबर देशी नांवें दिलेलीं आहेत.

मात्र केवळ नांवावर विसंबणें बरें नव्हे. सीताफळ हें नांव रामायणकाळचें वाटतें, पण झाड मूळचें अमेरिकेचें. काजूही तिकडचाच, आणि त्याचें नांवही ब्राझिलांतून पोर्तुगिजांबरोबर आलें. माळावरची घाणेरी येथलीच वाटते; तीही परकीच. 'शंखपुष्पी' हें एकच नांव निरनिराळ्या वनस्पतींना देतात, त्यामुळें औषध घेणाराची फसगत होते. म्हणून नांव ऐकावें आणि पान, फूल, फळ पाहून तें ताडून घ्यावें.

पहिल्या पावसांत शेवळाचे कोंब वर येतात. नुसतें शिजवून खाल्ल्यास घसा खाजतो. म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालतात. या ज्ञानाच्या खऱ्या धनीण म्हणजे डोंगरांतून भाजी आणणाऱ्या आदिवासी बाया. डोंगरपायथे इमारतींखालीं जात असतां हें ज्ञानही मावळण्याचा संभव आहे. तेव्हां घरांतील मुलांनीं भाजी घेतांना तिचें नांव, उगवण्याची जागा आणि रांधण्याची रीत विचारून वहींत टिपून ठेवावी. ओर्तानेंही विचारूनच लिहिलें होतें.